घरगुती साबण-क्रीमचा परवाना: माझा अनुभव

उद्यम नोंदणी, गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी), जीएसटी हे तिन्ही कागद हातात असले तरी सौंदर्यप्रसाधनं बनवायचा परवाना त्यात येत नाही. नाशिकला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरच्या प्रदर्शनांत स्टॉल लावणाऱ्या कितीतरी जणी इथेच फसतात. साबणाचा तयार बेस वितळवून साच्यात ओतला, तरी कायद्याने ते उत्पादनच. विकण्यासाठी नुसतं पॅकिंग करून लेबल लावणंही त्यात धरलंय.

अर्ज सीओएस-५ या फॉर्ममध्ये, परवाना मिळतो सीओएस-८ मध्ये. कागदपत्रं आणि फी यात फार वेळ गेला नाही. अडलं ते जागेच्या नकाशावर, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांची सातवी अनुसूची सांगते की उत्पादनाची जागा राहण्यासाठी वापरायची नाही आणि राहत्या घराला जोडलेलीही नको. माझ्या तळमजल्याच्या खोलीला बाहेरून स्वतंत्र दार होतं, पण जिन्याखालून घरात जाणारं दुसरंही होतं. सल्लागार म्हणाला, कुलूप लावा, चालेल. नाही चालत. दार विटांनी बुजवून, गिलावा करून नकाशा नव्याने काढावा लागला. भिंती सहा फुटांपर्यंत गुळगुळीत आणि पाणी न शोषणाऱ्या लागतात, तेव्हा टाइल्सचं काम त्याच गवंड्याकडून उरकून घ्या.

मग क्षेत्रफळ. खोली १२ बाय १४ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट, साधारण १५.६ चौरस मीटर. क्रीम, लोशन, शाम्पू, केसांचं तेल या गटासाठी शिफारस २५ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. अंगाच्या साबणाला १०० चौरस मीटर! घरी एका वेळी पाच किलो साबण करणाऱ्या बाईने एवढी जागा आणायची कुठून? फेसपॅक आणि पावडरींना मात्र १५ पुरतात, भरताना धूळ ओढून घेणारी सोय हवी.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. कामाचं स्वरूप आणि व्याप पाहून परवाना अधिकारी अटी शिथिल करू शकतात. मात्र तोंडी विनंतीला काही किंमत नाही. बॅच किती किलोची, महिन्याला किती बॅच, भांडी कोणती, साबण वाळवायचे रॅक कुठे, हे सगळं नकाशासोबत लेखी द्या. मी ते आधी दिलं नाही, म्हणून फाइल परत आली.

शेवटी खोलीत फक्त फेसपॅकचा परवाना घेतला. क्रीमसाठी अंबडच्या एका परवानाधारक कारखान्याशी करार करून सीओएस-६ मध्ये लोन लायसन्सचा, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात आपला माल बनवायच्या परवान्याचा, अर्ज केला. जागा अपुरी असेल तर सुरुवातच तिथून करा, माझे महिने जागेच्या खटपटीतच गेले.

पूर्णवेळ तांत्रिक माणूसही लागतो. बी.फार्मच हवा असं नाही, डी.फार्म किंवा रसायनशास्त्र घेऊन बारावी झालेली व्यक्ती चालते. लेबलवर ‘मुरुम बरे करतो’ लिहिलंत की वस्तू औषधांत मोडते, आणि ‘आयुर्वेदिक’ लिहायचं तर आयुषचा परवाना वेगळा. घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने. परवाना क्रमांक हाती येईपर्यंत लेबलं छापू नका, तो लेबलवर लागतोच.