रिव्हर्सिंग स्टेशन: चढाचा तिढा सुटला, आता खोपोलीचा विचार

मंडळी, माझ्या मॉडेल रेल्वेतली गाडी चढली! पाच डबे घेऊन, पॉइंट (एका रुळाचे दोन मार्ग फुटतात ती जागा) ओलांडून, खंडाळ्याच्या बाजूच्या चढावर, चाकं जागच्या जागी न गरगरता. जून संपताना बंद पडलेलं बोर घाटाचं मॉड्यूल (मॉडेलचा एक सुटा बोर्ड) गणपतीच्या आधी पुन्हा सुरू झालं. मखरासाठी पुढची खोली रिकामी करण्याआधी हा प्रश्न मला निकालात काढायचाच होता.

चढावर चाकं नुसती गरगरतात आणि गाडी सरकत नाही, असं गेल्या नोंदीत लिहिलं होतं. त्यावर बहुतेकांचा सल्ला एकच होता: इंजिनाचं वजन वाढवा. तो मी मानला. इथे चिपळुणात पागाला (मासे पकडायच्या फेकजाळ्याला) लावतात त्या शिशाच्या गोळ्या बाजारात सहज मिळतात. त्या ठोकून चपट्या केल्या आणि सॅडल टँकच्या (बॉयलरवरच्या पाण्याच्या टाकीच्या) पोटात बसवल्या. सपाटीवर ओढ छान वाढली, पण रिव्हर्सिंग स्टेशनच्या तोंडाशी तेच. इंजिन पॉइंटवरून पुढे गेलं, दोन डबे चढावर आले की चाकं फिरत राहायची आणि गाडी जागेवर. रूळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले, चाकं पुसली, रबरी टायर बदलले. फरक शून्य.

हे तोंडच सगळ्यात अवघड का, ते पुन्हा सांगतो, कारण उत्तर तिथेच होतं. त्या काळी कर्जतच्या बाजूने चढत आलेली गाडी डोंगराच्या सोंडेवरच्या स्टेशनात शिरायची. पुढे कडा. वळण घ्यायला जागा नाही. इंजिन सुटून मागच्या टोकाला जायचं, आणि गाडी आली त्याच तोंडातून, पण दुसऱ्या मार्गाने, उलट दिशेला वर निघायची. जी.आय.पी.चे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे) मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी हा तोडगा काढला. कारण साधं होतं. जवळपास 25 किलोमीटरमध्ये 1,831 फूट चढायचं, आणि सर्वांत कडक चढ 1:37, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर. घोड्याच्या नालेसारखं मोठं वळण त्या सोंडेवर बसतच नव्हतं.

मॉडेलमध्ये याचा अर्थ असा: पॉइंटपासून एक मार्ग 1:37 ने खाली जातो आणि दुसरा 1:37 ने वर. मीटरभर पुढे गेलात की एक 27 मि.मी. खाली, दुसरा 27 मि.मी. वर, म्हणजे शेजारच्या दोन रुळांत 54 मि.मी.चा फरक, मध्ये आधाराची भिंत. पॉइंट स्वतः सपाट हवा आणि चढ त्यानंतर हळूहळू सुरू व्हायला हवा, नाहीतर कपलिंग सुटतं. हे सगळं एप्रिलमध्ये मोजूनच बसवलेलं होतं. एप्रिलमध्ये गाडी चढतही होती.

उत्तर मिळालं ते घराच्या मागच्या बाजूला काम करणाऱ्या गवंड्याकडे. त्यांच्याकडे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी असते, दोन्ही टोकांच्या पाण्याची उंची बघून लेव्हल काढतात. ती तासाभरासाठी मागून आणली. एक टोक पॉइंटपाशी चिकटवलं, दुसरं दर दहा सेंटिमीटरला रुळाशेजारी धरून स्टीलच्या पट्टीने मोजत गेलो. पहिल्या तीस सेंटिमीटरला 8 मि.मी. चढ हवा होता. तिथे साडेबारा निघाला! म्हणजे 1:37 च्या जागी 1:24. आणि नेमकं तिथेच वळण, त्यामुळे चाकांवरचा भार आणखी. बोर्डाच्या सांध्याला बोट लावलं तर प्लायचे थर सुटून कड फुगलेली. मरीन प्लाय म्हणून, शिक्का दाखवून, चढ्या भावाने विकलेला हा माल. दुकानाचं नाव घेत नाही, पण कोकणात मॉड्यूल बांधणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: शिक्क्यावर जाऊ नका. एक तुकडा कापून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा आणि मगच पूर्ण शीट घ्या.

नवीन रचना अशी. खालची चौकट अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांची. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे उरलेले तुकडे वजनावर मिळतात आणि तो काटकोनात कापूनही देतो. रुळाखालची पट्टी प्लायचीच, पण सगळ्या कडांना सँडिंग सीलरचे हात, आणि ती चौकटीवर थेट न ठोकता एम-6 च्या थ्रेडेड रॉडवर (आटे पाडलेल्या सळईवर) तरंगती बसवली आहे. एम-6 ला एक पूर्ण फेरा म्हणजे बरोबर 1 मि.मी. पावसाळ्यात काही हललं तर पान्याने अर्धा फेरा, पाव फेरा, आणि चढ पुन्हा जागेवर. वळणावर मी चढ मुद्दाम थोडा कमी ठेवला आहे, खऱ्या लोहमार्गावरही तसाच ठेवतात. पेकोचा निकेल सिल्व्हर फ्लेक्स ट्रॅक महाग पडतो, पण आमच्या खाऱ्या हवेत पोलादी रूळ महिन्यात तांबडे होतात, त्यामुळे त्याला पर्याय नाही. 1,676 मि.मी.चं गेज (दोन रुळांमधलं अंतर) 1:87 च्या मॉडेलमापात 19 मि.मी.च्या वर जातं आणि आपण 16.5 मि.मी.वर चालवतो, हा वाद मला पुन्हा नको. ज्यांना हाताने रूळ घालायचे त्यांनी जरूर घालावेत, मी बघायला येईन.

खडीबद्दल एक. दोघांनी सुचवलं की घरचा जांभा कुटून वापर. जांभा आमच्या अंगणात, बोर घाटात नाही. तिथे काळा कातळ आहे. क्रशरवरची बारीक पूड चाळणीतून दोनदा काढली, ती अगदी बरोबर रंगाची निघाली. डोंगर वर्तमानपत्राच्या लगद्याचा, त्यावर शाडूचा पातळ हात. पेणच्या मूर्तिकारांची ही माती कातळाचे उभे कंगोरे फार सुंदर धरते.

आता ज्याचा आनंद मला गाडी चढण्याइतकाच झाला, ते काम. बोगद्याच्या तोंडापाशी एक बाई उभी आहे, डोक्यावर मातीची पाटी. उंची साडेसतरा मि.मी. बाजारात 1:87 ची माणसं मिळतात ती कोटटोपीतली. एकीचा झगा तासून काढला आणि एम-सीलचा पापुद्रा लाटून नऊवारी नेसवली. कासोटा मागे खोचलेला दिसावा म्हणून ओल्या सुईने दोन घड्या दाबल्या. भिंगातून बघितलं आणि खूप वेळ बघत राहिलो. तिच्या वरच्या कड्यावर दोरीला बांधून सोडलेली दोन माणसं आहेत, पहार घेऊन सुरुंगाचं भोक पाडणारी. डायनामाइट अजून यायचं होतं, सगळं काम काळ्या दारूचं.

आपल्याकडे घाटाची मॉडेल्स होतात त्यांत इंजिनं चकाचक आणि डोंगर ओसाड. मला हे पटत नाही. 1856 च्या सुरुवातीला हे काम निघालं आणि 1863 मध्ये घाट खुला झाला. 25 बोगदे. 1861 च्या सुरुवातीला एकाच वेळी 42,000 हून जास्त माणसं इथे राबत होती, बायका आणि पोरंसुद्धा. पटकीच्या साथी आल्या आणि माणसं मेली. 1859 च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजूर उठले, दंगा झाला, चौकशी बसली. पोटकंत्राटदारांकडून पैसे खाली पोचतच नव्हते. कंत्राटदार फॅव्हिएलने काम सोडलं आणि पुढच्याच वर्षी, 1860 मध्ये, अशा कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा करावा लागला. फॅव्हिएलनंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल इथे पोचल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट हाती ठेवून अभियंत्यांकरवी काम पुरं करून घेतलं. या माणसांशिवाय घाट दाखवणं मला जमणार नाही. त्यामुळे इंजिनावर कोरीव तपशील चढवायचं काम मागे टाकलं आहे. आधी माणसं.

आणि हे लिहिता लिहिता तिसऱ्या बोर्डाचा आराखडाच बदलतोय. तिथे फिडल यार्ड (गाड्या नजरेआड उभ्या करायची जागा) करायचं ठरलं होतं. पण तारखा एका ओळीत मांडून बघा. मुंबईहून गाडी खोपोलीला पोचली 1856 मध्ये. पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली 14 जून 1858 ला. मधला घाट 1863 पर्यंत बंद. म्हणजे ती पाच वर्षं उतारू खोपोलीला उतरायचे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचे आणि वर पुन्हा गाडी धरायचे. हे दृश्य आजवर कुणी मॉडेलमध्ये केलेलं माझ्या पाहण्यात नाही. खाली सपाट स्टेशन, वर सपाट स्टेशन, मध्ये 1830 मध्ये खुला झालेला गाडीरस्ता. रूळ चढवायचाच नाही!

त्या रस्त्याचं दुसरं टोक पनवेल बंदर. देशावरचा कापूस घाट उतरून पनवेलला यायचा आणि तिथून होड्यांनी मुंबईला. रूळ घाट चढले तसा तो माल डब्यांत गेला. ज्या बंदराचा धंदा रेल्वेने नेला त्याला स्वतःचं स्टेशन मिळालं ते 1960 च्या दशकात, दिवा जंक्शनहून आलेल्या मार्गावर. आमच्या चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदराचीही तीच गत. कुंभार्ली घाटातून उतरणारा कऱ्हाडकडचा माल 1880 च्या दशकात पुणे-मिरज मार्गाकडे वळला, आणि चिपळूणला गाडी आली ती थेट 1990 च्या दशकात कोकण रेल्वेची. म्हणून बोर्डाच्या कडेला पनवेलचा धक्का अर्धवट तरी दाखवावा असं आता वाटतंय. ओहोटीचा चिखल आणि त्यावर कललेलं एक गलबत. शाडू उरलीच आहे.

तर मदत हवी आहे. 1:87 मध्ये बैलगाडीची चाकं लेझरने कापून देणारं कुणी ओळखीचं आहे का? माझी आऱ्यांशी तुटतात, अर्धा मि.मी.च्या कार्डबोर्डमध्ये जमत नाही. आणि पालखीच्या दांड्याला तांब्याची तार वापरावी की पितळेची, यावर ज्यांनी काम केलंय त्यांनी सांगा. गौरी-गणपती झाले की खोपोलीच्या बोर्डाची चौकट कापायला घेतोय.