'लॉज ४९' लोकलमध्ये बघू नका

'लॉज ४९' या अमेरिकी मालिकेचे (२०१८-१९) दोन सीझन, २० भाग. ठाणे-वाशी प्रवास साधारण अर्ध्या तासाचा, भाग त्याहून मोठा. शिवाय तुर्भ्याच्या गर्दीत नेमका शांत प्रसंग हुकतो. रात्री घरीच बघा, एका वेळी एकच भाग, सबटायटल लावून.

वडील गेलेत, पायाला साप चावल्यामुळे सर्फिंग बंद पडलंय, अशा डडला समुद्रकिनारी अंगठी सापडते आणि तो 'लॉज ४९' या जुन्या मंडळाच्या दारात पोचतो. तिथला अर्नी प्लंबिंगचं सामान विकतो. किमयेच्या (साध्या धातूचं सोनं करायच्या जुन्या विद्येच्या) गूढ गप्पा आणि मोठी ऑर्डर मिळवायची धडपड एकत्रच चालते, मालिकेचा जीव तिथेच आहे! रहस्य कधी उलगडतं याची वाट बघाल तर कंटाळाल. डडचं कर्ज, अर्नीचा धंदा यांवर लक्ष ठेवा. तिसरा सीझन आलाच नाही, त्यामुळे काही धागे सुटेच राहतात.