हार्वर्डच्या पायऱ्यांवर विहीणबाई

ऑक्टोबरात बोस्टनला गेलेल्या माणसाने पानं बघायची असतात. आम्हीही बघितली. न्यू हॅम्पशरच्या डोंगरात झाडं लाल होती आणि पुढच्या गाड्यांचे ब्रेकलाइटही लाल होते. जास्त वेळ आम्ही ब्रेकलाइटच बघितले. पानांचे फोटो तुम्हा सगळ्यांच्या फोनवर येऊन गेले असतील, म्हणून तो भाग सोडते. मला सांगायचंय ते एका दुपारबद्दल. ती मी आणि आमच्या विहीणबाईंनी हार्वर्डमधल्या एका इमारतीच्या पायऱ्यांवर बसून काढली, एका चड्डीतल्या बाईवरून वाद घालत.

‘चड्डीतली बाई’ हे विहीणबाईंचे शब्द. त्या सांगलीच्या, एलआयसीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. लेकीच्या घरी दोन्ही आज्या एकाच वेळी असण्याचा योग जावयांनी जुळवून आणला होता, कारण तिकिटं तेव्हा स्वस्त होती. आणि आमच्या नातीला हॅलोविनला वंडर वुमन, म्हणजे अमेरिकी कॉमिकमधली सुपरहिरो बाई, व्हायचं होतं. कपाळावर सोनेरी पट्टी, लाल चोळी, निळ्या चड्डीवर पांढऱ्या चांदण्या. “एवढ्या थंडीत?” हा विहीणबाईंचा पहिला आक्षेप. दुसरा त्यांनी मुलासमोर बोलून दाखवला नाही, मला स्वयंपाकघरात सांगितला.

तेवढ्यात बोस्टनजवळच्या सेलम गावी जाणं झालं. एक सांगते, ऑक्टोबरात सेलमला जाऊ नका. १६९२ साली त्या गावाने चेटकाच्या आरोपाखाली १९ जणांना फासावर चढवलं, त्यांत १४ बायका. आज त्याच गावात टोकदार काळ्या टोप्यांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत चालावं लागतं आणि बाथरूमची रांग दोन गल्ल्या लांब असते. मला त्या सगळ्या जत्रेचा वैतागच आला. पण गर्दीत आमची नात एकदम थबकली. समोर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. पिकलेले केस, हातात काठी, अंगात हिच्यासारखाच लाल-निळा पोशाख, खाली जाड लोकरीचे पायमोजे. नातीने छातीसमोर दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी धरली. बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि तश्शीच मनगटं धरली. मग दोघी आपापल्या वाटेने गेल्या.

“ओळखीच्या होत्या का?” विहीणबाईंनी विचारलं.

आता काय सांगणार? ओळख होतीच की. पण दोघींच्या वयात साठ-पासष्ट वर्षांचं अंतर, आणि दोघींची ओळख एकाच बाईशी, तीही कागदावरची. हे काय गौडबंगाल आहे ते विहीणबाईंना समजावून सांगायचं मी मनावर घेतलं आणि मंगळवारी त्यांना रेड लाइनच्या मेट्रोने हार्वर्डला नेलं. लेकीला वाटलं आम्ही पर्यटन करतोय.

आधी सगळ्यांसारखं पर्यटन केलंच. जॉन हार्वर्डच्या पुतळ्याशी एक कॉलेजकुमार गाइड त्यावरच्या तीन खोट्या गोष्टी सांगत होता. पुतळ्याखाली लिहिलंय, जॉन हार्वर्ड, संस्थापक, १६३८. प्रत्यक्षात तो संस्थापक नाही, कॉलेज १६३६ चं, आणि चेहराही त्याचा नाही, कारण त्याचं चित्रच कुठे उपलब्ध नव्हतं. तरी लोक रांगेत उभं राहून त्याच्या बुटाचं टोक घासतात. घासून घासून ते सोन्यासारखं झालंय. विहीणबाईंनी ठाम नकार दिला. खोट्या माणसाच्या पाया त्या पडत नाहीत म्हणाल्या.

मी गाइडला विचारलं, वंडर वुमनचा लेखक इथलाच ना? बिचाऱ्याने नाव ऐकलं नव्हतं. म्हणजे वंडर वुमनचं ऐकलं होतं, विल्यम मोल्टन मार्स्टनचं नव्हतं. हार्वर्डच्या तीन-तीन पदव्या घेतलेला माणूस हा! पुतळ्याकडून वाचनालयाला वळसा घालून पाच मिनिटं चाललं की लाल विटांची एमर्सन हॉल लागते. तिच्या वरच्या मजल्यावर मानसशास्त्राची प्रयोगशाळा होती आणि खोटं बोलताना माणसाचा रक्तदाब चढतो का, यावर मार्स्टनने तिथे विद्यार्थीदशेत प्रयोग केले. लाय डिटेक्टरच्या वंशावळीत त्यामुळे त्याचं नाव येतं. पुढे १९२३ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने त्याची चाचणी पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला, तो फ्राय खटला अमेरिकेत वकिलीच्या मुलांना अजून शिकवतात. (आपल्याकडे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय ही चाचणी करायला बंदी घातली. म्हणजे एकूण या यंत्रावर कोर्टांचा विश्वास बेताचाच.) न्यायालयात चाललं नाही ते त्याने कॉमिकमध्ये चालवलं. वंडर वुमनचा सोनेरी फास गळ्यात पडला की माणसाला खरं बोलावंच लागतं.

बाहेरच्यांना इमारतीत प्रवेश नाही, म्हणून पायऱ्यांवर बसलो. डोक्यावर मोठ्या अक्षरांत बायबलमधलं वचन कोरलंय: मनुष्य तो काय, की तू त्याची आठवण ठेवावीस? विहीणबाईंनी चष्मा सारखा करून वाचलं आणि म्हणाल्या, “मॅन. बायका कुठे बसायच्या?”

“बायका दुसरीकडे, रॅडक्लिफ कॉलेजला,” मी म्हटलं. आणि मग गाडी लागली ती मार्स्टनला बाजूला ठेवून त्याच्या बायकोच्या गोष्टीकडे.

एलिझाबेथ हॉलोवे. तिला कायदा शिकायचा होता. हार्वर्डच्या लॉ स्कूलने बायकांना घ्यायला सुरुवात केली १९५० साली, म्हणून ती गेली बोस्टन युनिव्हर्सिटीत. वडिलांनी पैसे द्यायला नकार दिला, तर हिने बायकांच्या मंडळांतून पाकपुस्तकं विकून फी भरली आणि १९१८ मध्ये पदवी घेतली. चिडलं की रक्तदाब चढतो हे नवऱ्याला मुळात तिनेच सुचवलं, असं त्यांच्या घरचे सांगत. १९४१ साली मार्स्टन नवा सुपरहिरो घडवायला बसला, तेव्हा ‘तो’ बाई असू दे, हेही तिचंच म्हणणं. नवऱ्याच्या प्राध्यापकीच्या नोकऱ्या टिकेनात, तेव्हा घर चालवलं ते तिने. नोकरी कुठे? मेट्रोपॉलिटन लाइफ इन्शुरन्स.

इथे विहीणबाई ताठ बसल्या.

“विम्यात होती?”

मी ऑलिव्ह बर्नबद्दल सांगू की नको, असा विचार केला. मग सांगितलं. ऑलिव्ह ही मार्स्टनची टफ्ट्स कॉलेजातली विद्यार्थिनी, संततिनियमनासाठी तुरुंगात गेलेल्या एथेल बर्नची मुलगी, त्याच चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगरची भाची. ती त्यांच्या घरी राहायला आली ती कायमचीच. दोघींना मार्स्टनपासून प्रत्येकी दोन मुलं. बाहेर सांगायला ऑलिव्ह ही विधवा नातेवाईक. ती दोन्ही हातांत रुंद कडी घालायची, तीच वंडर वुमनच्या मनगटावर चढली आणि बंदुकीच्या गोळ्या परतवू लागली.

“तोडे म्हणा की,” विहीणबाई म्हणाल्या. मग हिशोब केला. “म्हणजे एक नवरा, दोन बायका, चार पोरं, आणि पगार आणणारी एकटी. आणि गोष्टीवर नाव कुणाचं?”

“नवऱ्याचं. तेही टोपणनाव, चार्ल्स मोल्टन.”

१९४७ मध्ये मार्स्टन वारला. त्यानंतर या दोघींनी वेगळ्या चुली मांडल्या नाहीत. पुढची कित्येक वर्षं एकत्र राहिल्या. एलिझाबेथने आपल्या मुलीचं नाव ठेवलं होतं ऑलिव्ह अ‍ॅन.

“सवतीचं नाव लेकीला,” एवढंच म्हणून विहीणबाईंनी पिशवीतून दाण्याची चिक्की काढली आणि मला अर्धी दिली. मी त्यांना ओळखते. पॉलिसी घ्यायला बसलेला माणूस खरं बोलतोय की नाही, हे त्या आयुष्यभर यंत्राशिवाय ओळखत आल्या. या बाईला त्यांनी मनात पास केलं होतं.

पण वंडर वुमनला नाही. ती कोणाची कोण, हे त्यांना हवं होतं. मी सांगितलं, ग्रीक पुराणातल्या लढवय्या अ‍ॅमेझॉन बायकांच्या बेटावर राणी हिपोलिटाने मातीची मुलगी, डायना, घडवली आणि देवीने तिच्यात प्राण फुंकले. हे त्यांना लगेच पटलं, पार्वतीने नाही का मळाचा गणपती केला! मी पुढे म्हटलं, २०११ साली नव्या लेखकांनी ते बदललं आणि तिला ग्रीक देवांचा राजा झ्यूस याची मुलगी करून टाकलं. सत्तर वर्षं बापाच्या नावावाचून काही अडलं नव्हतं.

“फॉर्मवर तो रकाना असतोच,” एलआयसी म्हणाली.

आमच्या पिढीला डायना माहीत होती ती इंद्रजाल कॉमिक्समधली, वेताळाची डायना पामर. ती संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करायची आणि तरी दर दोन-चार अंकांनी तिला कोणीतरी पळवायचं. ही दुसरी डायना २०१६ मध्ये त्याच संयुक्त राष्ट्रसंघाची मानद राजदूत झाली, स्त्रिया आणि मुलींच्या सबलीकरणासाठी. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी समारंभात पाठ फिरवून निषेध केला. अशा तोकड्या कपड्यांतली, गोरी, अमेरिकी झेंडा अंगावर मिरवणारी बाई जगभरच्या मुलींची प्रतिनिधी कशी, हा त्यांचा सवाल. दोन महिने व्हायच्या आत तिचं पद गेलं. तिची नेमणूक झाली त्याच महिन्यात सरचिटणीसपदासाठी किती तरी खऱ्या बायका रांगेत असताना खुर्ची पुन्हा एका पुरुषालाच मिळाली होती. मला त्या पाठ फिरवणाऱ्यांचं म्हणणं पटतं. आणि सेलमच्या काठीवाल्या बाईही पटतात.

वंडर वुमन टिकली ती यामुळेच, असं माझं मत आहे. तिच्याबद्दल कोणाचंच समाधान झालेलं नाही. १९११ मध्ये बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या इंग्लंडच्या एमेलिन पँकहर्स्टला हार्वर्डने आवारात भाषण करू दिलं नाही, तिने शेजारच्या ब्रॅटल हॉलमध्ये केलं. मार्स्टन त्या वर्षी नुकताच इथे दाखल झाला होता. मताधिकारासाठी कुंपणाला साखळीने बांधून घेणाऱ्या बायकांचा तो काळ, आणि वंडर वुमन पानोपानी साखळदंडांत अडकते नि ते तोडते. (मार्स्टनला बांधण्याचा सोस अंमळ जास्तच होता, तेही खरं. त्यावर तेव्हाही तक्रारी झाल्या.) १९६८ मध्ये संपादकांनी तिच्या शक्ती काढून तिला साध्या कपड्यांत दुकान चालवायला लावलं. १९७२ च्या जुलैत स्त्रीवादी ग्लोरिया स्टायनम यांच्या ‘मिस’ मासिकाने तिला जुन्या पोशाखात, इमारतींएवढी मोठी करून मुखपृष्ठावर आणलं, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार म्हणून. पुढच्या वर्षी शक्ती परत आल्या. कोणी काढून घेतं, कोणी ओढून परत आणतं. सुपरमॅनच्या बाबतीत इतकी ओढाताण झालेली मला तरी आठवत नाही.

“पण चड्डी ती चड्डी,” विहीणबाई उठताना म्हणाल्या. दगडावर बसून पाठ धरली होती.

चौकातल्या एका तळघरातल्या कॉमिकच्या दुकानात शिरलो. जांभळ्या केसांच्या मुलीने विहीणबाईंसमोर जुन्या अंकांच्या संग्रहांचा ढीग मांडला, आणि लेकीच्या गावच्या, क्विन्सीतल्या दुकानात कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणाऱ्या या बाईंनी एका जाड पुस्तकाचे पैसे मुकाट्याने मोजले. गाडीत वाचत बसल्या. डाउनटाउन येईपर्यंत गप्प. मग एकदम माझा दंड धरला.

“अहो ताई, हिला मिनिट्स लिहायला बसवलंय!”

बरोबर आहे. १९४२ साली सुपरहिरोंच्या जस्टिस सोसायटीने तिला सदस्य म्हणून घेतलं आणि सेक्रेटरी केलं. सगळे पुरुष महायुद्धात लढायला जातात, आणि त्या सगळ्यांना भारी पडेल अशी ही बाई मागे थांबून दप्तर सांभाळते. विहीणबाईंनी ऑफिसातल्या प्रत्येक समितीत हेच केलं होतं. हस्ताक्षर चांगलं म्हणून. क्विन्सी येईपर्यंत त्यांनी मला त्या समित्यांची नावं सांगितली, अध्यक्षांच्या नावांसकट.

रात्री जेवताना त्यांनी मुलाला विचारलं, “तुमच्या मराठी मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त कोण लिहितं रे?”

जावयांनी भाकरीचा तुकडा मोडत माझ्या लेकीकडे बोट दाखवलं. “ही. हिला छान जमतं.”

दिवाळीच्या कार्यक्रमाच्या बैठकीपासून ते काम जावयांकडे आलंय. त्यांचं पहिलं इतिवृत्त आम्हा दोघींना वाचायला मिळालं. चार ओळींचं होतं, आणि त्यातल्या तीन जेवणाबद्दल.