रॉबी लाकातोश यांचे व्हायोलिन आणि तीन संगीतांचा शेजार

रोमा (ज्यांना जिप्सी असेही म्हटले जाते), ज्यू आणि जॅझ या तीन संगीतांचे मिश्रण करणारा व्हायोलिनवादक, अशी रॉबी लाकातोश यांची ओळख बहुधा करून दिली जाते. ती खोटी नाही. पण त्यामुळे असा समज होतो की ही तीन संगीते एकमेकांपासून दूर होती आणि एका कल्पक वादकाने त्यांना एकत्र आणले. लाकातोश यांना मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे, आणि माझे मत दिवसेंदिवस उलट होत गेले आहे. ही संगीते त्यांच्या जन्माआधी कित्येक पिढ्या शेजारी-शेजारी नांदत होती, आणि तो शेजार त्यांच्या वादनात स्पष्ट ऐकू येतो.

लाकातोश यांचा जन्म १९६५ साली बुडापेस्टमध्ये झाला. यानोश बिहारी (१७६४–१८२७) या विख्यात रोमा व्हायोलिनवादकाच्या वंशातले म्हणून ते ओळखले जातात. लहानपणी ऐकलेल्या बिहारींच्या वादनाची आठवण हंगेरियन संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांनी पुढे लिहून ठेवली आहे. हंगेरीतल्या रोमा वाद्यवृंदात मुख्य व्हायोलिनवादकाला ‘प्रीमाश’ म्हणतात. त्याच्या जोडीला साथीचे व्हायोलिन, डबल बास आणि संतूरच्या कुळातले, काठ्यांनी छेडायचे सिंबलोम असते. या परंपरेत वाढत असतानाच लाकातोश बुडापेस्टच्या बेला बार्टोक कॉन्झर्व्हेटरीत पाश्चात्त्य अभिजात वादन शिकले आणि १९८४ साली तिथे त्यांनी पहिले पारितोषिक मिळवले. पुढे १९८६ ते १९९६ या काळात ते आपल्या वाद्यवृंदासह ब्रुसेल्समधल्या एका रेस्टॉरंटमध्ये वाजवत असत, आणि तिथे त्यांना ऐकायला येणाऱ्यांत विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासारखे श्रोते होते.

रोमा आणि ज्यू वादकांचा संबंध लग्नघरांतून जुळला. पूर्व युरोपातल्या मोल्दाव्हिया, ट्रान्सिल्व्हेनिया या भागांत दोन्ही समाजांचे वादक एकमेकांच्या लग्नांत वाजवत, प्रसंगी एकाच ताफ्यात बसत, आणि साहजिकच एकमेकांच्या चाली उचलत. रोमानियन मेंढपाळांची मुक्त लयीतली ‘डोइना’ ज्यूंच्या क्लेझ्मर संगीतात मुरली ती याच वाटेने. १९४४ साली ट्रान्सिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या मारामुरेशमधल्या ज्यूंना आउशवित्झच्या नाझी छळछावणीत पाठवण्यात आले आणि त्या भागातली ज्यू लग्ने थांबली. पुढे १९९३ साली ‘मुझिकाश’ या हंगेरियन वाद्यवृंदाने तिथल्या हरवलेल्या ज्यू संगीताची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा त्या चाली पुरवणाऱ्यांत गेओर्गे कोवाच हे वयोवृद्ध रोमा व्हायोलिनवादक होते. युद्धापूर्वी ज्यू लग्नांत वाजवलेल्या चाली त्यांच्या बोटांत शिल्लक होत्या. एका समाजाचे संगीत दुसऱ्या समाजाने असे जपल्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

लाकातोश यांची ‘क्लेझ्मर कर्मा’ ही ध्वनिमुद्रिका या पार्श्वभूमीवर ऐकावी. क्लेझ्मरमध्ये ‘फ्रायगिश’ नावाची स्वरपंक्ती वारंवार येते. तिच्यात रिषभ कोमल, गंधार शुद्ध, मध्यम शुद्ध आणि धैवत-निषाद कोमल, म्हणजे आपल्या बसंत मुखारीचे स्वर आहेत. हंगेरियन रोमा वादकांच्या आवडत्या मायनर स्वरपंक्तीत कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद येतात. ते कर्नाटक संगीतातल्या सिंहेंद्रमध्यमाशी जुळतात. रोमांचे पूर्वज भारतातून गेले, तेव्हा हे राग त्यांनीच नेले असणार, असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो, पण तो आवरलेला बरा. ते स्थलांतर सुमारे हजार वर्षांपूर्वीचे आहे, आजची रागव्यवस्था त्यानंतर घडत गेली आहे, आणि बाल्कन प्रदेशावर तुर्की मकामांचा, म्हणजे तिकडच्या रागांसारख्या स्वररचनांचा, प्रभाव फार दाट आहे.

स्वर सारखे असले तरी ते लावण्याची रीत वेगळी असते, आणि खरी मौज तिथेच आहे. क्लेझ्मरमध्ये ‘क्रेख्त्स’ नावाचा एक अलंकार आहे: स्वर संपता संपता बोट वरच्या स्वराला ओझरते शिवते, त्याच क्षणी गज अडतो, आणि हुंदका गळ्यात अडकावा तसा आवाज तुटतो. रोमा प्रीमाश याच जागी स्वर तोडत नाही. तो गजाचा दाब वाढवत कंप रुंद करतो आणि लय मागे खेचतो. जॅझमध्ये भावनेचा भार कमी आणि ठेक्याचा खेळ अधिक असतो. गज हलका, थोडाच वापरलेला, आणि जोर अनपेक्षित मात्रेवर. आपल्याकडच्या गायकी अंगाच्या व्हायोलिनमध्ये मींड अखंड ठेवण्यावर एवढा कटाक्ष असतो, की ‘क्रेख्त्स’मधला तो मुद्दाम केलेला खंड आपल्या कानाला आधी दोषच वाटतो. लाकातोश एका रचनेत या तिन्ही रीती वापरतात आणि एकीतून दुसरीत शिरताना सांधा कळू देत नाहीत.

जॅझही या शेजारात उशिरा आलेला परका नव्हे. १९३४ साली पॅरिसमध्ये रोमा गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांनी आपले पंचक उभे केले; पुढच्या काळात लाकातोश यांनी याच ग्रापेलींबरोबर वादन केले. तिकडे न्यूयॉर्कमध्ये शोलोम सेकुंडा यांचे १९३२ चे यिडिश या ज्यूंच्या भाषेतल्या रंगभूमीवरचे ‘बाय मिर बिस्तु शेन’ हे गाणे जानेवारी १९३८ मध्ये जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने कार्नेगी हॉलमध्ये सादर केले.

लाकातोश यांच्यावरचा एक आक्षेप मला मान्य आहे. त्यांची गती अचाट आहे, डाव्या हाताने तारा छेडण्याची त्यांची करामत थक्क करते, आणि मैफलीत टाळ्या त्यालाच पडतात. पण चार्दाश या हंगेरियन नृत्यसंगीताच्या द्रुत झंझावातात क्लेझ्मर कोणते आणि जॅझ कोणते, हे कळेनासे होते व उरते ती केवळ चपळाई. म्हणून नव्याने ऐकणाऱ्यांनी आधी त्यांच्या संथ, मुक्त लयीतल्या रचना निवडाव्यात, तेही हेडफोन लावून, आणि प्रत्येक दीर्घ स्वराचा शेवट कसा होतो याकडे लक्ष ठेवावे. तो तुटतो, रुंदावतो की नुसता हलकेच सुटतो, हे ओळखू येऊ लागले, की मग चार्दाश लावायला हरकत नाही.