तुम्ही विचारलंत म्हणून: ओकिताच्या धमकीआधीचे वर्ष

मी जपानी ऐतिहासिक ओतोमे गेम खेळते हे कळल्यावर, म्हणजे एका नायिकेच्या भूमिकेतून अनेक नायकांपैकी एकाची प्रेमकथा उलगडत नेणारे खेळ खेळते हे कळल्यावर, हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: मूळ खेळात सगळ्यांच्या कथा पूर्ण झाल्या, शेवटही कळले, मग फॅन डिस्क (चाहत्यांसाठी काढलेले पुरवणी खेळ), पूर्वकथा, ड्रामा सीडी (ध्वनिनाट्ये) आणि चित्रसंग्रह यांच्यावर पुन्हा पैसे कशाला घालवायचे?

प्रश्न रास्त आहे, कारण यातला बराचसा माल निव्वळ गोडधोड असतो. पण काही थोड्या पुरवण्या पात्राला खरोखर खोली देतात आणि त्याचे कारण माझ्या मते एकच आहे: त्या पात्राकडे पाहणारा माणूस बदलतो. मूळ खेळात नायक आपल्याला दिसतो तो जिचे मन त्याच्यावर जडणार आहे अशा मुलीच्या डोळ्यांनी. ती यायच्या आधी, किंवा ती खोलीत नसताना, तो कसा वागतो हे तिला दिसणे शक्यच नसते.

‘हाकुओकी’चे उदाहरण घेते. ओतोमेट या ब्रँडचा हा खेळ 2008 साली प्लेस्टेशन 2 वर आला. तोकुगावा राजवटीची अखेरची वर्षे, क्योतोमध्ये बंदोबस्तासाठी नेमलेले शिन्सेनगुमी हे तलवारबाजांचे पथक आणि हरवलेल्या वडिलांच्या शोधात मुलाच्या वेषात तिथे पोचलेली युकिमुरा चिझुरु, अशी त्याची मांडणी आहे. चिझुरु येते ती 1863च्या थंडीत, जपानी पंचांगाप्रमाणे वर्ष सरताना. तोवर पथकाला नाव मिळालेले आहे, उपप्रमुख हिजिकाता तोशिझोचा दरारा बसलेला आहे आणि पथकातला तरुण तलवारबाज ओकिता सोजी हसतहसत तिला ठार मारण्याची धमकी देतो आहे. हे सगळे तिला आयते दिसते. ओकिताची धमकी खेळणारीला सुरुवातीला विक्षिप्त विनोदासारखी वाटते, आणि पुढे त्याच्या आजारपणाची कथा सुरू झाली की ती विसरूनही जाते.

2010 साली आलेली ‘रेइमेइरोकु’ ही पूर्वकथा चिझुरुच्या आधीच्या काही महिन्यांत घडते. इथे नायिका नाही. इबुकी र्‍यूनोसुके नावाचा, रस्त्यात उपाशी पडलेला एक चिडका तरुण आपल्याला सोबत नेतो. त्याला वाचवणारा, पथकाच्या तेव्हाच्या प्रमुखांपैकी एक असलेला सेरिझावा कामो त्याला कुत्र्यासारखा वागवतो. सेरिझावा इतिहासातही आहे: मितो प्रांताचा, हातात लोखंडी पंखा बाळगणारा, दारूच्या नशेत दहशत घालणारा, ओसाकात सुमो मल्लांशी रक्तपात घडवणारा. 1863च्या शरद ऋतूत त्याच्याच साथीदारांनी क्योतोतल्या मिबू भागातील यागी कुटुंबाच्या घरात त्याला रात्री झोपेत गाठून मारले. ते घर आजही आहे, आणि तलवारीचा म्हणून दाखवला जाणारा वार तिथल्या दाराच्या चौकटीवर पाहता येतो.

इबुकीला या माणसांपैकी कोणीही आवडत नाही, आणि पूर्वकथेचे सगळे बळ त्याच्या या नावडीत आहे. तो ओकिताला पाहतो तेव्हा हा पोरगा पथकाचा प्रमुख कोंदो इसामी याच्या नजरेत उपयोगी ठरण्यासाठी माणूस मारायला किती उतावीळ झाला आहे हे दिसते, आणि पहिली हत्या घडल्यावर हिजिकाताला आलेला संतापही दिसतो. पुढे मूळ खेळ पुन्हा लावला की चिझुरुला दिलेली तीच धमकी ऐकवत नाही; विनोदाच्या सुरात बोलण्याची सवय त्याला कुठून लागली असेल, हा विचार पाठ सोडत नाही. हिजिकाताचेही तसेच. मूळ खेळात त्याचा कठोरपणा हा स्वभाव वाटतो, तर इथे तो कोंदोचे हात स्वच्छ राहावेत म्हणून जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे, आणि त्या निर्णयाची किंमत सेरिझावाच्या खुनाने चुकवलेली आहे.

याउलट 2009 सालची ‘झुइसोरोकु’ ही फॅन डिस्क मूळ कथेच्या फटींत बसतील असे छोटे प्रसंग रचते. ते वाचायला छान आहेत, पण पाहणारी पुन्हा चिझुरुच असल्यामुळे मला फारसे नवे काही दिसले नाही. ड्रामा सीडींत मात्र जिथे पुरुषमंडळी आपसांत बोलतात तिथे मिकी शिनइचिरोच्या आवाजातला हिजिकाता थकलेला ऐकू येतो, एरवी नायिकेसमोर तो तसा क्वचितच होतो.

कधीकधी खऱ्या इतिहासातले कागदही पुरवणीचे काम करतात. खेळात ओकिता हिजिकाताची हायकूंची वही पळवून त्याला सतावतो. ती वही कल्पित नाही. क्योतोला निघण्याआधी, 1863 सालीच, हिजिकाताने ‘होग्योकु’ या टोपणनावाने आपले 41 हायकू एकत्र लिहून काढले होते. जाणकार त्यांना फार थोर मानत नाहीत, आणि मला तीच गोष्ट आवडते. परत न येण्याच्या तयारीने निघालेला माणूस आपल्या बेताच्या कविता नीटनेटक्या उतरवून ठेवतो, हे कळल्यावर ओकिताची ती थट्टा थोडी निर्दयी वाटू लागते.

यावर ठरलेला उपप्रश्न येतो, की मग पूर्वकथाच आधी खेळावी का. माझे मत नाही असे आहे. आधी चिझुरुबरोबर त्या घरात शिरावे, सगळे जण काहीतरी बोलायचे टाळत आहेत असे वाटू द्यावे, निदान ओकिता आणि हिजिकाता यांचे रूट, म्हणजे त्यांच्या प्रेमकथांचे मार्ग, पूर्ण करावेत, आणि मग इबुकीकडे वळावे. पैसे मोजकेच असतील तर बाकीच्या पुरवण्या सोडल्या तरी चालतील.