गाड्या मोजायला गेलो, पार्किंग मोजून आलो: वहीतली चौथी नोंद

मागच्या नोंदीत मी जगभरच्या श्रीमंत वस्त्यांची, तिथल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या महागड्या गाड्यांवरून, मोठ्या तोऱ्यात क्रमवारी लावली होती. लंडनचं बेलग्रेव्हिया पहिलं, लॉस एंजेलिसचं बेल एअर शेवटचं, टोकियोचं अझाबू कुठेतरी मध्ये. ती क्रमवारी आज खोडली. का खोडली ते जरा सविस्तर लिहितो, कारण हीच चूक माझ्यासारख्याच गाड्या मोजणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या वह्यांत असणार अशी मला दाट शंका आहे.

पद्धत जुनीच. गूगल स्ट्रीट व्ह्यूवर एका वस्तीतले ठरावीक रस्ते या टोकापासून त्या टोकापर्यंत 'चालायचे' आणि दिसेल ती गाडी मांडायची. रोल्स-रॉइस आणि बेंटलीला पाच गुण, मर्सिडीजच्या मेबाखला चार, तिच्याच जी-क्लासला आणि रेंज रोव्हरला दोन, अशीच उतरंड, साध्या गाड्यांना शून्य. बेरीज झाली की वस्ती किती 'भारी' ते ठरलं!

बेलग्रेव्हियाला भरघोस गुण पडतात, कारण तिथली घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. ईटन स्क्वेअरच्या पांढऱ्या इमारतींना पुढे अंगण नाही. मागच्या बोळांत, ज्यांना तिकडे म्यूझ म्हणतात, पूर्वी घोडे आणि बग्ग्या असायच्या. त्यातले बरेच तबेले आज स्वतंत्र घरं झालेत, काहींची गॅरेजं. थोडक्यात, गाडी कितीही महाग असली तरी ती रस्त्यावर, आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. बेल एअरमध्ये उलटं. उंच कुंपण, झाडी, फाटक आणि आत वळत जाणारा रस्ता. बाहेर उभं काय, तर बागकाम करणाऱ्यांचे पिकअप आणि दुरुस्तीवाल्यांच्या व्हॅन. माझ्या गुणपत्रिकेत बेल एअर नापास झालं ते त्यामुळे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला ठाऊक असायला हवं होतं.

टोकियोने तर फारच चकवलं. जपानमध्ये गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय साधारणपणे गाडीची नोंदणीच होत नाही. हा कायदा १९६२ पासूनचा. रात्रभर रस्त्यावर गाडी सोडायची सोय नाही, त्यामुळे अझाबूतल्या किंवा शोतो या टोकियोतल्याच दुसऱ्या श्रीमंत वस्तीतल्या गल्ल्या फोटोत धुवून काढल्यासारख्या रिकाम्या दिसतात. गंमत पुढेच आहे. तिथल्या अनेक इमारतींत यांत्रिक पार्किंग आहे आणि जुन्या यंत्रांत उंचीची मर्यादा बहुधा १.५५ मीटर. रोल्स-रॉइसची एसयूव्ही कलिनन १.८ मीटरच्या वर जाते, म्हणजे पैसे असले तरी ती त्या कप्प्यात शिरणारच नाही. एखाद्या वस्तीत सेदान जास्त दिसल्या की आपण लगेच 'अभिरुची जुन्या वळणाची' असं लिहून मोकळे होतो. मीही लिहिलं होतं. अभिरुची कसली, छत ठेंगणं!

तरी टोयोटा सेंच्युरीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तिला पाच गुण. पुढे टोयोटाचं बोधचिन्ह नाही, सोनेरी फिनिक्स पक्षी आहे. आतल्या बैठकीला चामड्याऐवजी लोकरीचं कापड मिळतं, कारण हलताना चामडं करकरतं आणि कापड करकरत नाही. ज्याला गाडी ओळखता येत नाही त्याला ती जुनी टॅक्सी वाटेल, ज्याला येते तो थबकेल. मला अशा गाड्यांचं वेड आहे, हे एव्हाना लक्षात आलंच असेल.

दुसरी दुरुस्ती नंबरप्लेटची, आणि हे काम जास्त किचकट निघालं. स्ट्रीट व्ह्यू प्लेट पुसट करतो. रंग आणि आकार मात्र उरतो: ब्रिटिश गाडीची मागची प्लेट पिवळी, मोनॅकोची अगदी चिमुकली, स्वित्झर्लंडची पुढची छोटी आणि मागची मोठी. याहून जास्त हवं असेल तर स्पॉटर लोकांचे, म्हणजे रस्त्यावरच्या भारी गाड्या टिपणाऱ्या हौशींचे, फोटो चाळावे लागतात. तीन आठवडे तेच केलं.

न्यूयॉर्कच्या अप्पर ईस्ट साइडला मी एस्कलेड आणि सबर्बन या काळ्या, मोठ्या एसयूव्ही खोऱ्याने मोजल्या होत्या. फोटो मोठे करून पाहिले तर बऱ्याच प्लेटा 'टी'ने सुरू होऊन 'सी'वर संपणाऱ्या, म्हणजे परवानाधारक भाड्याच्या गाड्या. मालक वेगळा, प्रवासी वेगळा. लंडनच्या मेफेअरमधल्या मर्सिडीजच्या काळ्या एस-क्लास आणि व्ही-क्लासचंही तेच, तिथे काचेवरची भाड्याच्या परवान्याची चकती बघायची. हाँगकाँगला द पेनिन्सुला हॉटेलच्या दारातल्या हिरव्या रोल्स-रॉइस फँटम हॉटेलच्या स्वतःच्या. २००६ मध्ये त्यांनी एकदम १४ घेतल्या होत्या. त्या पाहून हॉटेलच्या वस्तीला, चिम शा चुईला, गुण देणं म्हणजे वऱ्हाडाच्या गाड्या मोजून मांडवाशेजारच्या घराची ऐपत ठरवणं.

लंडनच्या नाइट्सब्रिजमध्ये उन्हाळ्यात परदेशी पाहुण्यांच्या गाड्या येतात, त्या मोजायच्या की नाही यावर आपल्यात वाद झाला होता. माझा निकाल असा, की त्या मोजायच्या, पण 'पाहुणे' रकान्यात. आखाती प्लेटांच्या लॅम्बोर्गिनी आणि बुगाटी तिथे विमानाने येतात. परदेशी पाहुण्याला बारा महिन्यांत सहा महिने आपली गाडी ब्रिटनमध्ये वापरता येते. तिथले रहिवासी मात्र आवाजाने वैतागलेले, इतके की २०१५ मध्ये तिथल्या नगरपालिकेने विनाकारण इंजिन गुरगुरवण्यावर दंडाचा आदेश काढला. ज्या गाड्यांमुळे मी या वस्तीला गुण देत होतो, त्याच गाड्यांविरुद्ध तिथले लोक तक्रारी करत होते.

स्वित्झर्लंडने वेगळीच फजिती केली. एकच नंबर दोन फोटोंत, एकदा पोर्शेवर आणि एकदा जुन्या मर्सिडीजवर. मी 'बनावट प्लेट' असा शेरा मारून ठेवला. नंतर कळलं, तिथे प्लेट गाडीची नसते, मालकाची असते, आणि दोन गाड्यांसाठी एकच जोडी घेता येते. रस्त्यावर मात्र एका वेळी एकच. शेरा खोडला. उलट आता असा नंबर सापडला की मी खूश होतो, कारण एका घरच्या दोन गाड्या कळतात. अमेरिकेत मोंटानाची प्लेट दिसली तर मालक मोंटानाचा असेलच असं नाही. त्या राज्यात विक्रीकर नाही, म्हणून कंपनीच्या नावाने महागड्या गाड्या तिथे नोंदवायची वाट रुळली आहे. बेव्हर्ली हिल्समध्ये अशी प्लेट बघून हसू येतं.

आता ओळखीच्या चुका. मेबाख म्हणून मांडलेल्या काही गाड्या साध्या लांब एस-क्लास निघाल्या, कारण बिल्ला काय, कोणीही चिकटवतं. २०१५ च्या सुमारास आलेल्या पिढीत खूण पक्की आहे: मागची छोटी काच दारात नसते, दारामागच्या सी-पिलरमध्ये, म्हणजे छताला आधार देणाऱ्या मागच्या खांबात, असते. बिल्ला सोडा, काच बघा. जर्मनीत याच्या उलट, गाडी घेताना मॉडेलचा बिल्ला काढूनच मागवता येतो. म्युनिकजवळच्या ग्रूनवाल्डला माझ्याकडून नक्की गुण कमी पडलेत. तिथल्या नोंदी परत तपासायच्यात आणि तो कंटाळा अजून गेलेला नाही.

फोटोचं सालही पाहायला हवं. बेंटलीची बेंटायगा २०१५ ची, लॅम्बोर्गिनीची उरुस २०१७ ची, कलिनन २०१८ ची, फेरारीची पुरोसांग्वे २०२२ ची. एका वस्तीचे फोटो २०१४ चे आणि दुसरीचे २०२३ चे असतील, तर ती तुलना काळाची झाली, वस्तीची नाही. ब्रिटिश प्लेटवर निदान गाडीचं वय तरी वाचता येतं: ७३ असेल तर सप्टेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ मधली नोंदणी. हौशी नंबर लावून गाडी जुनी दाखवता येते, नवी दाखवता येत नाही.

सिंगापूर तूर्तास यादीबाहेर. तिथे गाडी ठेवायचा परवानाच दहा वर्षांसाठी घ्यावा लागतो, वर नोंदणीचे भारी कर. इतरत्र मध्यमवर्गीय ठरणारी गाडी तिथे चैनीची होते. तिथल्या श्रीमंत नासिम रोडसाठी गुणांचा तक्ता पहिल्यापासून मांडावा लागेल.

तर आता वहीत एका बेरजेऐवजी तीन रकाने आहेत: राहणारे, पाहुणे, भाड्याचे. क्रमवारी लावायची घाई सोडली. चौथा रकाना परवा नाइलाजाने वाढवला, 'अनिर्णित'. बेलग्रेव्हियामागच्या एका म्यूझमध्ये हिरवं लाकडी दार आहे. स्ट्रीट व्ह्यूचे जुने फोटो एकामागून एक लावले, सगळ्यांत ते बंद. एकाच फोटोत हातभर उघडं. आत कापडाखाली झाकलेली बुटकी गाडी, नाक लांब, आणि कापड जिथे वर सरकलंय तिथे तारांचं चाक. मी जॅग्वारची ई-टाइप लिहिलं, खोडलं, अ‍ॅस्टन मार्टिनची डीबी५ लिहिलं, तेही खोडलं.