बघ्यांची गर्दी

मोबाईल उघडला की दर काही दिवसांनी एक बातमी दिसतेच. कुणीतरी रस्त्यात पडलं होतं, आजूबाजूला गर्दी होती आणि लोकांनी फक्त व्हिडिओ काढले. हेडिंग ठरलेलं, माणुसकीला काळिमा, आणि खाली कमेंट्सही ठरलेल्या, कलियुग आहे, कुणी कुणाचं नाही वगैरे. मीही कितीतरी वर्षं हेच म्हणायचे. आता नाही म्हणत, का ते लिहायचंय.

या सगळ्या बोलण्याचं मूळ बरंचसं एका जुन्या बातमीत आहे. 13 मार्च 1964 ला पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जिनोव्हीज नावाच्या 28 वर्षांच्या मुलीचा घराजवळच खून झाला. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापलं की 38 जण अर्ध्या तासाहून जास्त वेळ हे बघत होते आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही. ही गोष्ट जगभर गेली, मानसशास्त्राच्या पुस्तकांत आली, पिढ्यानपिढ्या मुलं शिकली. पण ती तशी घडलीच नव्हती. बऱ्याच जणांनी नुसता आवाज ऐकला होता, दुसरा हल्ला तर इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याजवळ झाला, तिथलं समोरच्यांना दिसणं शक्यच नव्हतं. पहिल्या हल्ल्याच्या वेळी एक शेजारी खिडकीतून ओरडला म्हणून हल्लेखोर पळूनही गेला होता. आणि सोफिया फारार नावाची शेजारीण, हल्लेखोर अजून तिथेच आहे की गेलाय हे माहीत नसताना धावत खाली गेली आणि मदत येईपर्यंत किटीला कुशीत धरून बसली. पहिल्या पानावरच्या त्या बातमीत ती कुठेच नव्हती. आपली बातमी फार अतिरंजित होती हे खुद्द त्याच पेपरने 2016 मध्ये मान्य केलं, पण तोपर्यंत 52 वर्षं गेली होती.

गंमत अशी की त्या चुकीच्या बातमीमुळेच एक खरं संशोधन झालं. जॉन डार्ली आणि बिब लताने या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावलं आणि मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं त्यातले 85 टक्के आवाज बंद व्हायच्या आत उठून मदत मागायला गेले, आणि अजून चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांमधले फक्त 31 टक्के. हे आकडे सगळे सांगतात, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. जे उठले नाहीत ते निवांत नव्हते, त्यांचे हात थरथरत होते, घाम फुटला होता, आणि खोलीत कुणी आलं की पहिला प्रश्न तो मुलगा बरा आहे ना. याला निर्दयी कसं म्हणायचं? ती माणसं अडकली होती. कुणीतरी गेलंच असेल, आपण उगाच मध्ये पडलो तर, या विचारात.

आणि खऱ्या रस्त्यावर काय होतं तेही आता बघून झालंय. 2019 मध्ये इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांमधल्या भांडण-मारामारीच्या 219 सीसीटीव्ही चित्रणांचा अभ्यास आला, त्यात दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं, आणि माणसं जास्त असली की कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. त्याच वर्षी हरवलेल्या पाकिटांचा अभ्यास आला, 40 देश, 17 हजारांवर पाकिटं, आणि रिकाम्या पाकिटापेक्षा पैसे असलेलं पाकीट परत देण्यासाठी लोकांनी जास्त वेळा संपर्क केला, 40 टक्क्यांच्या जागी 51. आधी विचारलं तेव्हा लोकांचा अंदाज बरोबर उलटा होता. आपल्याच माणूसजातीबद्दल आपलं मत इतकं वाईट का झालंय याचं मला खरंच वाईट वाटतं.

मध्यंतरी जिना उतरत होते तेव्हा पुढे चाललेल्या एक बाई चक्कर येऊन मटकन खाली बसल्या. आम्ही दहा-पंधरा जण तरी होतो आणि सगळे जागच्या जागी थांबलो, एकमेकांकडे बघत, मी पण, त्यांच्यासोबत कुणीतरी असेल असं वाटून. चार-पाच सेकंद असतील. मग पाठीवर सॅक असलेला एक मुलगा त्यांच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "काकू, पाणी देऊ का?" एवढंच. तो बसला आणि सगळे हलले, एकीने बाटली पुढे केली, एकाने त्यांची पिशवी उचलली, कुणी वहीने वारा घालायला लागलं, मी त्यांच्या घरी फोन लावला. त्या पहिल्या चार सेकंदांचा कुणी फोटो काढला असता तर आमचं सगळ्यांचं हेडिंग तयार होतं. दहा मिनिटांनी काकू उठल्या तेव्हा त्यांना धरायला दोन्ही बाजूंनी इतके हात होते की त्या मुलाला मागे सरकावं लागलं.